कूलरसमोर ठेवलेला हीटर

चैत्र सरत आलाय. सकाळी नऊलाच अंगणातली फरशी चप्पल मागते. कडुनिंबाचा मोहोर झाडून काढला की तासाभरात पुन्हा तेवढाच पडलेला असतो, आणि दुपारी हायवेवरून येणारा वारा त्याला उंबऱ्यापर्यंत लोटत आणतो. काल आम्ही दोघांनी मिळून कूलर खिडकीत बसवला. जुनं गवत काढलं, नवं भरलं, टाकीत पाणी ओतलं. बटण दाबल्यावर पहिला वारा आला तो ओल्या गवताचा वास घेऊन. आणि मी सवयीनं बाजूला सरकून भिंतीला टेकले.

हे म्हणाले, "बठ ना समोर. कोनासाठे जागा धरी राह्यनी?"

मी मान हलवली, कुणासाठीच नाही. पण जागा मी धरलीच होती. त्या जागेवर काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात गाडीचा हीटर ठेवलेला होता, आणि त्याच्या शेजारी टेबलापाशी आमची दीपाली बसलेली असायची. दीपाली आमची एकुलती एक लेक. आता पुण्यात नोकरी करते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली आहे आणि ती घरी येणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मी विचारलेलं नाही, तिनं नक्की असं सांगितलेलं नाही. कूलरचा आवाज घरभर पसरला आणि माझं मन त्या उन्हाळ्यात जाऊन बसलं, ते अजून उठलेलं नाही.

ह्यांचं हायवेला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. लहानपणी हे एका तांबटाच्या हाताखाली डाग देऊन भांडी सांधायला शिकले. फुटक्या घागरीला कथलाचा डाग असा द्यायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. पुढे घागरी कमी झाल्या आणि ट्रकचे रेडिएटर हातात आले. डाग तोच. ह्यांच्या बोटांच्या पेरांत जो काळेपणा आहे तो लग्नात हळद लावतानाही निघाला नव्हता.

त्या उन्हाळ्याआधी आठ महिने बाप-लेकीचा अबोला होता. जामनेरचं एक स्थळ आलं होतं. घर चांगलं, मळा चांगला, ह्यांनी शब्द देऊन टाकला. दीपालीनं नको म्हटलं. ती कॉम्प्युटरवर घरांची चित्रं करायला शिकली होती. अजून बांधलेलंच नाही असं घर ती दाखवायची, त्याच्या भिंतींवर ऊन पडलेलं, खिडकीत पडदा हललेला. तिला तेच करायचं होतं. ह्यांना जामनेरला निरोप पाठवावा लागला. त्या दिवसापासून घरात दोघं बोलायची ती माझ्यातून.

"माय, नानांना सांग, पंखा कमी करा."

"तिले सांग, खिडकी उघड."

दोघं एकमेकांपासून चार हातांवर बसलेली असायची, आणि मी मधे पोळ्या लाटत दोन्हीकडचं ऐकायची. सांगायची गरजच नसायची. तरी मी सांगायची. नाहीतर घरात आवाजच राहिला नसता.

मग वैशाख आला आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला. पुण्याच्या एका कंपनीनं दीपालीला महिनाभराचं काम दिलं होतं. एका मोठ्या इमारतीची चित्रं करून द्यायची, पसंत पडली तर नोकरी. एकेक चित्र पूर्ण व्हायला मशीनला सहा-सात तास लागायचे. दुपारी आमच्या पत्र्याच्या घरात भांड्यातलं पाणीसुद्धा अंघोळीइतकं तापायचं. मशीनच्या आत तर काय होत असेल! चार तास झाले की ते स्वतःच बंद व्हायचं, आणि केलेलं सगळं जायचं. पुन्हा पहिल्यापासून. रात्री करावं तर लाइटीचा भरवसा नाही. दीपाली मशीनचं झाकण काढून जाड वहीनं वारा घालायची. मी तिला म्हटलं, ओला पंचा ठेवू का ग त्याच्यावर? तिनं हात जोडले.

एके दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन मुद्दाम मोठ्यानं बोलली. "माय, नानांना विचार, दुकानात जुन्या गाडीचा हीटर आहे का."

हे दारातच हातपाय धूत होते. "तिले ईचार, हीटर कसाले? उन्हाया कमी पडस का?"

"सांग त्यांना, गरम करायला नाही. गार करायला."

"तिले सांग, तिनं डोकं गरम व्हयी गयं."

"डोकंच गरम होतंय," दीपाली म्हणाली, "मशीनचं. म्हणून तर हीटर पाहिजे."

मी कणकेकडे तोंड करून हसले. हे मात्र हसले नाहीत. पंच्यानं पाय पुसत तसेच उभे राहिले. आणि मग माझ्याकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पंप कोन्ता लावशी?"

आठ महिन्यांनी बापानं लेकीला विचारलेला तो पहिला प्रश्न. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता मी जरा जरी हलले तरी हे मोडेल.

गाडीत समोरच्या खणाच्या आत वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो, हे मला त्या दिवशी कळलं. इंजिनाचं तापलेलं पाणी त्यातून फिरतं, पंखा त्यावरून वारा सोडतो आणि थंडीत आत बसलेल्यांना ऊब मिळते. दीपालीचं म्हणणं होतं की मशीनच्या डोक्यावरून पाणी फिरवून ते या हीटरमधून न्यायचं. पाणी आपली उष्णता वाऱ्याला देऊन टाकेल आणि गार होऊन परत जाईल. ह्यांना ते लगेच पटलं. पाण्याची आणि वाऱ्याची देवाणघेवाण हेच तर त्यांचं आयुष्यभराचं काम. दुसऱ्या दिवशी भंगारात निघालेल्या एका जुन्या गाडीतून त्यांनी हीटर काढून आणला, पितळी टाक्यांचा, तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा. अगदी कोरा दिसत होता. खानदेशात गाडीचा हीटर लावणार कोण? त्या बिचाऱ्यानं कधी कुणाला ऊब दिलीच नसेल.

चिंच आणि मीठ लावून मी तो घासला. देवाची भांडी घासते तसा. पट्ट्यांमधली धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढली. ह्यांनी त्याच्या जाड नळ्या कापल्या आणि त्या जागी बारीक तांब्याची नळी बसवून डाग दिला. निळी ज्योत, डाग धरावा म्हणून लावलेल्या नवसागराचा पांढरा धूर, आणि कथील पाऱ्यासारखं पळत जाऊन सांध्यात शिरलेलं. दीपाली शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिनं विचारलं, "हात कसा हलत नाही हो तुमचा?" हे म्हणाले, "श्वास सोडाना नही." मग दोघांनीही श्वास धरला. मीसुद्धा.

मशीनच्या डोक्यावर पाणी फिरवणारा छोटा ठोकळा दीपालीनं कुरिअरनं मागवला. तेलाच्या पत्र्याच्या डब्याची चौकट झाली, तिच्यावर दोन पंखे बसले. जुन्या कूलरचा पंप माझ्या मिठाच्या मोठ्या बरणीत बुडवला. बरणीच्या झाकणाला भोकं पाडताना मला जरा वाईट वाटलं, पण ते मी कुणाला दिसू दिलं नाही. हीटर टबात बुडवून ह्यांनी त्याच्या एका नळीतून हवा भरली, दुसरी दाबून धरली आणि तिघांची डोकी टबावर जवळ आली. एकही बुडबुडा आला नाही.

ठेवायचा कुठे? तर कूलरसमोर. घरातला गार वारा तेवढाच. ती माझी दुपारची जागा होती. मी माझी चटई उचलून भिंतीकडे नेली आणि तिथं हीटर बसला. शेजारच्या अक्का पापड मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. "काय व बाई! मानसे शिजी राह्यनात, नि वारा मशीनले!"

पण आकडा उतरला. पडद्याच्या कोपऱ्यात मशीनचा ताप दिसायचा. आधी नव्वदच्या वर जायचा, तो पासष्टवर येऊन थांबला. दीपालीनं मला काम दिलं, "माय, आकडा ऐंशीच्या वर गेला तर हाक मार." चौथीत शिकलेले आकडे मी इतक्या मनापासून कधी वाचले नव्हते. शेंगा फोडता फोडता एक नजर तिथं.

त्या पंधरा दिवसांची मला भूक लागते. दुसरा शब्द सापडत नाही. बाहेर सगळं गाव दारं लावून पडलेलं, अंगणात बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळताहेत, पिकायला ठेवलेल्या आंब्यांचा वास खाटेखालून येतोय, आणि आत आम्ही तिघं. बरणीत पाणी गुळगुळ बोलायचं. हे दुकानातून जेवायला आले की आधी नळीवर हात ठेवायचे, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. "ताप नही," म्हणायचे, मग हात धुवायचे. जेवताना पडद्यावरची घरं बघायचे.

"घर तं चांगलं शे. पानीनी टाकी कोठे शे?"

"नाना, ती दिसू द्यायची नसते."

"टाकी नही दिसनी तं मानूस घर घेईन कसा?"

दुसऱ्या दिवशी त्या उंच इमारतीच्या गच्चीवर एक काळी टाकी आली, गावात असते तशी. "कंपनीवाले काढायला लावतील," दीपाली म्हणाली. "लावू दे. तवलोंग ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. मी विचारलं, यात माणूस का नाही कुठेच? तर तिनं एका गॅलरीत खाट टाकली आणि खाटेवर एक बाई बसवली. लांबून तिचं तोंड दिसत नव्हतं. मला ती माझ्यासारखी वाटली, पण मी तसं म्हटलं नाही.

आणि हे सगळं बघताना मला कळत होतं की मशीन जितकं नीट चालेल तितकी माझी लेक माझ्या दारातून लवकर बाहेर पडेल. ती जावी असं मी देवापुढे म्हणायची. डोळे उघडले की टेबलापाशी तिची पाठ दिसायची, वेणी एका खांद्यावर घेतलेली, आणि मग म्हटलेलं मागे घ्यावंसं वाटायचं.

बरणीतलं पाणी हळूहळू उडत होतं. दीपाली म्हणाली होती, पातळी खाली गेली तर घालत जा. ह्यांनी दुकानातून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणून ठेवला होता. एका दुपारी कॅन रिकामा झाला. दीपाली डुलकी घेत होती, हे दुकानात. उन्हाळा संपत आला की आमच्या नळाला धरणाचा तळ येतो, गढूळ पाणी. ते मी माठात घेते, तुरटी फिरवते, रात्रभर निवळू देते आणि वरचं नितळ पाणी वेगळ्या कळशीत काढून ठेवते. ते आम्ही पीत नाही. ते पाहुण्यांचं. घरात त्याहून स्वच्छ काही नव्हतं. तेच मी तांब्याभर बरणीत घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसऱ्या दिवशी आकडा चढायला लागला. मी हाक मारली. ऐंशी, पंच्याऐंशी, आणि मशीन बंद. काम द्यायला तीन दिवस उरले होते. बरणीतलं पाणी पेजेसारखं पांढुरकं झालं होतं, आणि मशीनच्या डोक्यावरच्या ठोकळ्यात, जिथं केसासारख्या बारीक फटी होत्या, तिथं पांढरा गाळ बसला होता.

हे दुकानातून धावत आले. दीपालीचा आवाज चढला होता. "डागातलं काहीतरी सुटतंय. नवसागर राहिला असेल आत."

"मन्हा डागमा खोट?" हे म्हणाले. "तीस वरीस व्हयनात. एक ट्रक वापस नही ऊना."

"मग पाणी पांढरं कसं झालं?"

"तुन्हा त्या ठोकयाले ईचार. कुरिअरवर मंगाडेल माल!"

"तुम्हाला मी जायलाच नकोय. आधीपासून."

त्यावर हे दाराकडे गेले, चपला घातल्या आणि पाठ वळवून मला म्हणाले, "तिले सांग, माले नही जमस तिनं काम."

तिले सांग. ते शब्द पुन्हा घरात आले. मी भिंतीला टेकून उभी होते. माझं आयुष्य असं भिंतीला टेकून गेलंय. चार माणसांत मी बोलत नाही, ह्यांच्यासमोर तर आधी मनात दोनदा म्हणून बघते. त्या वेळी बघितलं नाही.

"पानी मी टाकं."

दोघंही माझ्याकडे वळली. दीपाली म्हणाली, "कुठलं पाणी?"

"आपलंच. पाव्हनासले देस ते. तुरटीनं."

दीपालीनं बरणीत बोट बुडवून पाहिलं. मग हे दारातच खाली बसले, चपला घातलेल्या पायांनी, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "मशीनले पाव्हनं समजनी हाई! आखो चहा नही पाजा ते बरं." दीपालीनं टेबलावर डोकं टेकलं. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. बहुतेक दोन्ही. तिनं माझ्याकडे न बघताच हात लांब केला आणि माझा पदर धरला.

दोघांनी मिळून सगळं खोललं. नळ्या, ठोकळा, हीटर, पुन्हा पुन्हा धुतलं. ह्यांनी बॅटरीच्या पाण्याचे दोन कॅन आणले आणि माझ्या हाताला लागणार नाहीत असे वर ठेवले, नंतर स्वतःच खाली काढून माझ्यासमोर ठेवले. काम वेळेत गेलं. नोकरी मिळाली. ज्येष्ठात दीपाली पुण्याला गेली.

एक गोष्ट मी त्या दोघांना सांगितली नाही. कुणालाच नाही. तुरटीचं पाणी चालत नाही हे मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण बरणीतलं पाणी पांढरं झालेलं दिसलं तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी भीती आली नाही. आधी आलं ते हे, की आता ही जाणार नाही. एवढंच, पापणी मिटून उघडण्याइतका वेळ. मग भीती आली, मग लाज. पण पहिलं ते आलं होतं. ज्या हातानं तिच्या कामात पाणी घातलं त्या हातापाठीमागे असं मन होतं, हे मला कळलं, आणि तेव्हापासून मी तिच्या बाबतीत माझ्या मनावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून फोनवर मी तिला कधी "ये" म्हणत नाही. "काम असेल तर राहू दे" म्हणते. "तुझं तू बघ" म्हणते. हे शेजारून विचारतात, "ईचार, जेवनी का?" मी विचारते. ती सांगते, "नानांना सांग, जेवले." भांडण कुणाचंच नाही. पण बोलणं पुन्हा माझ्यातूनच चाललंय, आता साडेतीनशे किलोमीटर लांबीचं.

गेल्या दिवाळीत तिनं नवीन मशीन घेतलं. आनंदानं सांगत होती, "माय, याच्यात पण पाणीच फिरतं. पण कंपनीतूनच बंद होऊन येतं. पाणी घालावं लागत नाही, बघावं लागत नाही." मी म्हटलं, बरं झालं बाई. फोन ठेवला आणि उगाच उठून माठात पाणी किती आहे ते बघून आले.

परवा अक्कांचा मुलगा एरंडोलला निघाला, बहिणीला आखाजीला आणायला. मुऱ्हाळी म्हणून. डोक्याला टोपी, पिशवीत साडी. गल्लीत दोन-तीन घरांतून असेच मुऱ्हाळी निघालेत. कडुनिंबांना झोके बांधले जातील, सासरहून आलेल्या मुली गाणी म्हणतील, आणि आमच्या दाराशी कुणी येणार नाही, कारण आमची लेक सासरी गेलेली नाही. तिला आणायला जायची रीतच नाही. ती स्वतःहून आली तर आली.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "आखाजीला सुट्टी मिळेल असं वाटतंय."

मी म्हटलं, "काम असेल तर राहू दे."

ती म्हणाली, "तू दर वेळेला हेच म्हणतेस, माय."

"मग काय म्हणू?"

"काही नाही. ठेवते."

आज दुपारभर ते "काही नाही" माझ्या कानात होतं. एवढी वर्षं मी समजत होते की माझी ओढ तिच्या वाटेत येऊ नये म्हणून मी ती लपवतेय. तिला मात्र ती नसल्यासारखीच दिसली असेल. या घरातून तिला कधी कुणी बोलावलंच नाही, असं तिनं मोजलं असेल. जाऊ दिलं ते दोघांनी. ये म्हणायचं दोघांपैकी कुणालाच जमलं नाही.

हे जेवून कूलरजवळ खाटेवर पडले होते. गुडघ्याला तेल लावत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. भर वाऱ्यात. मनात एकदाही म्हणून न बघता म्हटलं, "दीपालीले आनाले जानं शे."

"कोन?"

"मुऱ्हाळी."

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "सासरे गयेल पोरले राहस मुऱ्हाळी. नोकरीवालीले कोन आनाले जास?"

"आपन जाऊत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, तिले सांग, जमनं तं ये. मी तयार होते. म्हटलं असतं तर एकटीच निघाले असते. पुणं मी पाहिलेलं नाही, पण विचारत विचारत माणूस पोचतं.

हे उठून बसले. गुडघा धरून हळूच पाय खाली सोडले. तेलाचा हात पंच्याला पुसला, एकेक बोट, सावकाश.

"गाडी कितला वाजता शे?" त्यांनी विचारलं.